विश्लेषण : घरच्या ब्रेडला डच ओव्हनच कशाला हवा?

जाड लोखंडी भांड्याचे झाकण उचलले जाते, आत फुगलेला, तांबूस, सालीला तडे गेलेला गोल ब्रेड दिसतो आणि सुरी लागताच कुरकुर ऐकू येते. हा व्हिडीओ एव्हाना बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. खाली भांड्याची लिंक असते. भांडे चार-पाच किलोचे आणि नामवंत परदेशी कंपनीचे असेल तर एखाद्या चांगल्या ओटीजीहून महाग. हे भांडे नेमके काय करते, हे व्हिडीओत क्वचितच सांगितले जाते. ते समजले तर अनेकांचे पैसे वाचतील आणि ज्यांनी ते आधीच घेतले आहे, त्यांचा ब्रेड तरी नीट होईल.

डच ओव्हन म्हणजे काय?

नावात ओव्हन असला तरी हा ओव्हन नाही. हे जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे बिडाचे पातेले आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्याकडच्या बिडाच्या तव्याचे तेच. ‘डच’ हे नाव कसे पडले याबद्दल सर्वाधिक सांगितली जाते ती इंग्लंडच्या अब्राहम डार्बीची गोष्ट. डच कारागीर वाळूच्या साच्यात पितळेची भांडी ओतत. तीच रीत डार्बीने लोखंडासाठी वापरली आणि १७०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या ल क्रुझे कंपनीची रंगीत एनॅमलची भांडी त्यानंतर दोन शतकांनी, १९२५ पासूनची.

अमेरिकेत चुलीवर वापरल्या जाणाऱ्या डच ओव्हनला तीन पाय असतात आणि झाकणाला उभी कड असते. पाय खालच्या निखाऱ्यांसाठी, कड वरच्या निखाऱ्यांसाठी. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या खाली-वर विस्तव ठेवतात, गोव्यात बेबिंकचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, तो हाच प्रकार. त्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही, नवे आहे ते फक्त नाव आणि किंमत.

आताची लाट कुठून आली?

८ नोव्हेंबर २००६ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मार्क बिटमन यांनी न्यूयॉर्कच्या सुलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लेही यांची कृती दिली. तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, मीठ, भरपूर पाणी. मळायचे नाही, १२ ते १८ तास झाकून ठेवायचे. मग ४५० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण २३० अंश सेल्सिअसला तापवलेल्या जड भांड्यात गोळा टाकून अर्धा तास झाकण ठेवून आणि पुढे १५ ते ३० मिनिटे झाकण काढून भाजायचे. ना मळणे, ना यंत्र. इंटरनेटवर आज जे फिरते, त्यातल्या बऱ्याचशा कृती याच कृतीच्या लेकी-सुना आहेत.

भांडे नेमके काय करते?

दोन कामे. त्यातले मोठे काम झाकणाचे आहे, लोखंडाचे नाही.

गोळा भट्टीत जातो तेव्हा तो गार असतो. भोवती वाफ असेल तर ती गार पृष्ठभागावर थिजते, थिजताना स्वतःतली उष्णता देते आणि साल ओली ठेवते. ओली साल ताणली जाते, म्हणून आतले वायू प्रसरण पावतात तेव्हा ब्रेड फुगू शकतो. वाफ नसेल तर पहिल्या काही मिनिटांतच वर कोरडे कवच तयार होते. मग ब्रेड फुगत नाही, किंवा बाजूने कुठेतरी फाटतो. ओल्या सालीवरचा स्टार्च शिजून चकाकतो तो वेगळाच. झाकण काढल्यावर वाफ निघून जाते, साल वाळते, तापते आणि तांबूस होते.

व्यावसायिक ओव्हनमध्ये वाफ सोडण्याची सोय असते. घरच्या ओटीजीत ती नसते आणि बाहेरून पाणी ठेवले तरी दाराच्या फटीतून वाफ निघून जाते. डच ओव्हनमध्ये वाफ गोळ्यातूनच येते. हिशेब सोपा आहे. १०० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ साधारण १.७ लिटर जागा व्यापते. म्हणजे पाच लिटरचे भांडे भरायला तीन ग्रॅम पाणी पुरे. अर्धा किलो मैद्याच्या गोळ्यात साडेतीनशे ग्रॅमहून अधिक पाणी असते. झाकण नीट बसले की काम झाले.

दुसरे काम उष्णता साठवण्याचे. बीड उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमपेक्षा बरेच मंद, पण जाड आणि जड असल्याने साठा मोठा. गार गोळा आत पडला तरी त्याचे तापमान फारसे घसरत नाही आणि ब्रेडला बुडाकडून जोरदार आच मिळते.

हेच भांडे गॅसवर ठेवून का चालत नाही? कारण आच फक्त खालून येते. बूड करपते, वरचे पांढरे राहते. धोंडसाच्या झाकणावर निखारे ठेवणाऱ्या आजीला हे ठाऊक होते.

कृती जशीच्या तशी का फसते?

खरी गोची इथे आहे आणि तिचे खापर मात्र भांड्यावर फुटते. १८ तास ठेवा, ‘रूम टेम्परेचर’ला, असे कृती सांगते. तिथली खोली म्हणजे साधारण २१ अंश. मे महिन्यात नागपूर सोडाच, मुंबईच्या स्वयंपाकघरातही रात्री पारा ३० च्या खाली उतरेलच असे नाही. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की यीस्टचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. १८ तासांनी डबा उघडला तर आत आंबूस वास मारणारे, हाताला चिकटणारे सैल पीठ सापडते. मग लोक पुढच्या वेळी यीस्ट वाढवतात आणि प्रकरण आणखी बिघडते.

उपाय साधा आहे. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरेत आणि घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. आकार दुपटीच्या आसपास आला, वर बुडबुडे दिसू लागले की पुढचे काम. रात्रभर ठेवायचेच असेल तर दोन तास बाहेर आणि बाकी फ्रिजमध्ये.

दुसरा फरक मैद्याचा. परदेशी कृती ज्या ‘ब्रेड फ्लोअर’साठी असतात त्यात प्रथिने १२-१३ टक्के असतात, आपल्याकडच्या साध्या मैद्यात बहुधा त्याहून कमी. म्हणून कृतीतले सगळे पाणी एकदम ओतू नये. कणकेचे उलटे आहे. चक्कीत दळताना स्टार्चचे कण फुटतात, ते पाणी जास्त पितात, आणि कोंडा ग्लुटेनचे जाळे तोडतो. निव्वळ कणकेचा ब्रेड व्हिडीओसारखा फुगत नाही. पाव भाग कणीक आणि बाकी मैदा, इथपर्यंत सहसा निभावते. खपलीचे ग्लुटेन मुळातच कमजोर. आणि घरी केला म्हणून मैदा पौष्टिक होत नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

भांडे नसेल तर?

वाफ कोंडणे आणि बूड तापवणे एवढेच करायचे असेल, तर ओटीजीत बिडाचा छोटा तवा तापवून, त्यावर गोळा ठेवून वर स्टीलचे जाड पातेले उपडे घालता येते. पातेले तव्यावर सपाट टेकले पाहिजे, एवढीच अट. साल डच ओव्हनच्या जवळपास जाते. नॉनस्टिक भांडी मात्र इतक्या तापमानाला रिकामी तापवण्यासाठी नसतात. प्लास्टिकच्या मुठीचे झाकणही नको. काही एनॅमलच्या भांड्यांची मूठसुद्धा २३० अंश सोसत नाही, आणि काही कंपन्या रिकामे भांडे तापवू नका असे बजावतात, माहितीपत्रक वाचावे. तापल्या एनॅमलवर गार पाणी पडले तर तडा जाऊ शकतो.

हाताचे काय? पाच किलोचे, २३० अंशांचे भांडे टाचेवर उभे राहून उंच ओट्यावरच्या ओटीजीतून काढणे हा गमतीचा भाग नाही. सुती फडका पुरत नाही. गोळा बेकिंग पेपरवर ठेवून कागदासकट आत सोडावा, म्हणजे बोटे काठाला लागत नाहीत.

वीज किती लागते?

१५०० वॅटचा ओटीजी भांडे तापवायला पाऊण तास आणि भाजायला पाऊण तास सलग चालला तर सव्वादोन युनिट. थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होतो, म्हणून प्रत्यक्षात कमी. युनिटला दहा रुपये धरले तरी एका ब्रेडला वीस रुपयांच्या आसपास, मैदा वेगळा. गंमत अशी, की पाच किलो बीड २५ वरून २३० अंशांवर न्यायला जेमतेम ०.१३ युनिट लागते. बाकीची बरीच उष्णता ओटीजीच्या पातळ पत्र्यातून स्वयंपाकघरात जाते. एका मागोमाग दोन ब्रेड भाजणे म्हणूनच शहाणपणाचे.

भट्टीतल्या पावाशी याची तुलना होते का?

लादीपावाशी नाही. ते गोळे एकमेकांना खेटून फुगतात, बाजूंना साल धरतच नाही आणि तेच त्यांचे सुख. डच ओव्हनचा ब्रेड नात्याने इराण्याकडच्या ब्रूनच्या जवळचा. ब्रूनची भट्टी म्हणजे एक मोठा डच ओव्हनच: विटांमध्ये साठलेली उष्णता आणि भट्टी भरून ठेवलेल्या पावांतूनच उठणारी वाफ.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, तेव्हा चव जाईल अशी हळहळ व्यक्त झाली. वरचे भौतिकशास्त्र पाहता, ब्रूनच्या सालीत धुरापेक्षा विटांचा आणि वाफेचा वाटा मोठा आहे. इंधन बदलूनही हे दोन्ही टिकवता येतात; पण त्यासाठी भट्टी नव्याने बांधावी लागते आणि पैसे छोट्या बेकरीवाल्याच्या खिशातून जातात. चवीच्या चर्चेत हा खर्च मागे पडला.

मग घ्यावे का?

महिन्यातून एकदा हौस म्हणून करणार असाल तर नको. तवा-पातेल्याने पाच-सहा ब्रेड करून पाहावेत. दर आठवड्याला होणार असेल तर एनॅमल नसलेले साधे बिडाचे भांडे घ्यावे. त्यात मटणही चांगले शिजते. ब्रेड मात्र जाळीवर निदान तासभर निवू द्यावा, गरम कापला तर आतून चिकट लागतो. आणि ऑर्डर देण्याआधी ओटीजीच्या आतली उंची टेपने मोजावी, भांड्याच्या झाकणावरची मूठ धरून.