शाळा सुटल्यावर मुले कोणाची?

दुपारी साडेबाराच्या सुमारास दादर, परळ किंवा गिरगावातील एखाद्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, तर एक सत्र सुटून दुसरे भरताना दिसते. जागेच्या टंचाईमुळे मुंबईतील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. एका वर्गाने सोडलेले बाक लगेच दुसऱ्या वर्गाला लागतात, त्यामुळे सुटलेल्या मुलाला शाळेत रेंगाळण्याची सोय नसते. सहावी ते आठवीतील, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांची मुले तेथून कोठे जातात? लहान भावंडांप्रमाणे त्यांना न्यावयास कोणी येत नाही, आणि दहावीच्या परीक्षेचा धाकही अजून बसलेला नसतो. घराची किल्ली दप्तरात असते. आईवडील नोकरीवरून सात-आठ वाजता परततात. मधले सहा-सात तास ही मुले कोणाचीच नसतात.

या तासांविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. मुले चेंडूने काचा फोडतात, लिफ्टची बटणे दाबून ठेवतात, मॉलच्या सरकत्या जिन्यावर उलटी धावतात, बसच्या रांगेत वृद्धांना धक्के देतात. त्यांच्या तोंडी शिव्या असतात. यांपैकी काहीच चाललेले नसेल, तर जिन्यात बसून ती मोबाईलमध्ये डोके घालून असतात. या तक्रारी खोट्या नाहीत आणि त्यांकडे ‘मुलेच ती’ म्हणून कानाडोळा करणेही योग्य नाही. परंतु त्यांवर योजला जाणारा उपाय एकच असतो, तो म्हणजे ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक आणि तो पाळला जावा म्हणून एक रखवालदार. एका आवारातून हाकललेला मुलगा शेजारच्या आवारात जातो, तेथून पदपथावर आणि पदपथावरून रेल्वेच्या पुलावर. प्रत्येक सोसायटी आपापल्यापुरता प्रश्न सोडविते आणि शहरापुढे तो आहे तसाच उभा राहतो.

बिघडलेल्या वर्तनाचे खापर शाळेवर फोडण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तेव्हा एक साधा हिशेब मांडून पाहावा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन असावे, असे त्यात म्हटले आहे. वर्षाचे एकंदर तास ८,७६० होतात. म्हणजे कायद्याच्या किमान अपेक्षेनुसार मूल आपल्या आयुष्याचा जेमतेम नववा हिस्सा शिक्षकासमोर असते. झोपेचे तास वजा केले, तरी उरलेला मोठा भाग घर, वस्ती आणि रस्ता यांच्या वाट्याला येतो. एक हिस्सा सांभाळणाऱ्याला उरलेल्या आठ हिश्शांबद्दल जाब विचारणे न्यायाचे नव्हे.

हा प्रश्न पूर्वी नव्हता असेही नाही. गिरणगावात पाळीचे भोंगे वाजत, तेव्हाही अनेक घरांतील मोठी माणसे दिवसभर कामावरच असत. फरक होता तो चाळीचा. गॅलरीतून चौक दिसत असे, कोणाचे ना कोणाचे दार उघडे असे, आणि दुसऱ्याच्या मुलाला रागावण्याचा अधिकार शेजाऱ्यांनी गृहीत धरलेला असे. ही देखरेख फुकट होती, म्हणून तिचे मोल कोणी केले नाही. जुन्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत कुटुंबांना स्वतंत्र स्वच्छतागृह मिळाले, चार भिंतींचा एकांत मिळाला. हा लाभ लहान नाही. परंतु चौकाच्या जागी वाहनतळ आला आणि बंद दाराआडच्या शेजाऱ्याला मुलाचे नावही ठाऊक नसते.

तथापि चाळीचे स्मरणरंजन करण्यात अर्थ नाही. त्या चौकात मुलगे खेळत, तेव्हा त्यांच्याच वयाच्या मुली पाण्याच्या रांगेत उभ्या असत किंवा कडेवर धाकटे भावंड घेऊन स्वयंपाक पाहत असत. त्यांच्यावर असलेली शेजाऱ्यांची नजर पुष्कळदा काळजीची कमी आणि पहाऱ्याची अधिक होती. शिवाय एकदा अन्नच तुटले, तर ही शेजारधर्माची भिंतही टिकत नाही, हे याच भागाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. असंख्य घरांची चूल बायकांच्या कष्टांवर चालू राहिली. वडील बेकार, आई कामावर आणि मुलगा नाक्यावर, अशा घरांतील काही तरुण टोळ्यांच्या हाती लागले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने अशाच एका कुटुंबाची वाताहत रंगभूमीवर आणली. नाक्यावर उभे असलेले मूल कोणी तरी आपलेसे करतेच. ते काम समाजाने केले नाही, तर करणारे दुसरे असतात, हा त्या वर्षांचा धडा आहे.

त्यानंतर मुलांसाठी जागा मिळविण्याची एक मोठी संधी मुंबईला लाभली होती. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर धरली जाते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासास निघणाऱ्या गिरणीच्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश भाग मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेकडे यावयाचा होता. २००१ साली हा नियम बदलण्यात आला आणि हिस्सा फक्त रिकाम्या जमिनीचा मोजावा असे ठरले. हे प्रकरण न्यायालयात गेले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. महापालिकेने १९२५ साली खुले केलेले दादरचे शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. मूळ नियम सर्व गिरण्यांना लागू पडता, तर अशी सात मैदाने होतील एवढी जमीन शहराला मिळाली असती. आज परळच्या मॉलमधून मुलांना हुसकावले जाते, तेव्हा तो मॉल एका गिरणीच्या जागेवर उभा आहे याचा विसर पडू नये.

कायदाही या वयाच्या मुलांकडे पाहण्यास विसरला आहे. ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया काम करतात त्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, ही कल्पना १९४८ च्या कारखाना कायद्याने रूढ केली आणि नंतरच्या कायद्यांनीही ती राखली. सहा ते चौदा या वयासाठी शाळा आहे. पण शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतच्या वेळेचे काय? बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तीत ‘शाळेच्या वेळेनंतर’ हे शब्द येतात खरे. पण ते मुलाने धोकादायक नसलेल्या घरच्या उद्योगात मदत करण्यास मोकळीक देण्यासाठी. खेळावे, वाचावे किंवा सुरक्षित असावे यासाठी नव्हे. स्वीडनमध्ये बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शाळेआधी व शाळेनंतर अशा केंद्रांची सोय करणे हे नगरपालिकांचे कायदेशीर कर्तव्य आहे. तेवढी संपत्ती आपल्याजवळ नसेल. पण हे कर्तव्य आहे असे मान्य करण्यास पैसा लागत नाही.

शिवाय आपल्याला कोरी पाटी घेऊन बसावयाचे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळ भागात वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण केंद्रे उभी राहिली. दादरला समर्थ व्यायाम मंदिर आहे, चर्नी रोडला जवाहर बालभवन आहे. लालबाग-परळमधील गणेशोत्सव मंडळांची कार्यालये आणि कार्यकर्ते वर्षभर हाताशी असतात. एकीकडे काही शाळांना वर्ग पुरत नाहीत, तर दुसरीकडे पट घसरल्यामुळे महापालिकेच्या मराठी शाळांतील खोल्या ओस पडतात. शाळेच्या इमारतींचा वेळेबाहेर ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून उपयोग करावा, अशी सूचना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे. ती कागदावरून उतरविण्यास कोणी अडविलेले नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रभागात महापालिकेची किमान एक शाळा दुपारी एक ते सायंकाळी साडेसातपर्यंत मुलांसाठी उघडी असावी. तेथे पाणी, स्वच्छतागृह, चार कपाटे पुस्तके, कॅरमचे दोन-चार बोर्ड आणि आवार असेल तेवढे मैदान असावे. मुलींसाठी वेळ व जागा राखून ठेवावी, नाही तर मैदान मुलग्यांचेच होते हा सर्वत्रचा अनुभव आहे. आणि देखरेखीसाठी पगारी माणसे नेमावीत, पोलीस पडताळणी करून नेमावीत. जनगणना, निवडणूक आणि सर्वेक्षण यांच्याबरोबर हेही शिक्षकांच्याच गळ्यात बांधले, तर योजना पहिल्या सहामाहीतच मोडेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी आणि सायंकाळी पुन्हा केंद्र, असे मुलाचे सारे तास बांधून टाकल्यावर त्याला स्वतःचे म्हणून काय उरणार? म्हणूनच हे केंद्र शिकवणीचा वर्ग होता कामा नये. तेथे हजेरी नसावी, गृहपाठाची सक्ती नसावी. मूल आले, थोडे भांडले, कंटाळले आणि घरी गेले, तरी काही बिघडत नाही. मोठ्या माणसाने हाकेच्या अंतरावर असावे एवढेच पुरे. देखरेख आणि पाळत यांत अंतर आहे. चाळीला ते नेहमीच राखता आले नाही. आपल्याला जाणीवपूर्वक राखता येईल.

फलक लावणे सोपे असते, कारण त्याला खर्च येत नाही आणि जबाबदारीही पत्करावी लागत नाही. पण ‘येथे खेळू नका’ असे मुलांना सांगणाऱ्या प्रौढांवर ‘मग कोठे खेळावे’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन येते. महापालिकेच्या पुढील अंदाजपत्रकात त्या उत्तरासाठी तरतूद दिसते की नाही, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि तक्रार करणाऱ्या सोसायट्यांनीही आपल्या नगरसेवकाला विचारले पाहिजे.