तांब्याशी शर्यत कशाला?

शाळेत विजेच्या धड्याला फळ्यावर दोन रकाने पडायचे. एकीकडे सुवाहक, दुसरीकडे दुर्वाहक. प्लॅस्टिक कायम दुसऱ्यात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वाहकता कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रकाने मात्र अजून आपल्या डोक्यात जिथल्या तिथे आहेत.

नागपूरकराला यातली मूळ रचना घरबसल्या सापडते. संत्र्याला केशरी करणाऱ्या कॅरोटिनॉइड रेणूंत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात. बीटा-कॅरोटीनमध्ये असे दुहेरी बंध अकरा. पॉलिॲसिटिलीन म्हणजे हीच ओवणी, फक्त फार लांब. अशा ओळीत इलेक्ट्रॉन एका बंधापुरता अडकून न राहता ओळभर पसरतो. पण तेवढ्यानं वीज वाहत नाही. बाक गच्च भरलेलं असेल तर सरकणार कुठे? आयोडीन काही इलेक्ट्रॉन उचलून नेतं, जागा होते आणि सरकासरकी सुरू होते. तीही मोकळी नसते. प्रभार बसतो तिथले बंध ताणतात-आखडतात. सुतळीच्या बाजेवरून सरकणाऱ्या माणसाखाली खळगाही सरकावा, तसं हे चालतं. खळग्यासकटच्या त्या प्रभाराला पोलॅरॉन म्हणतात.

खरी अडचण साखळी संपते तिथे. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जायला आपल्याला बर्डीचं स्टेशन आहे. अशा साखळ्यांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, गुंताड्यात तशी सोय नाही; प्रभाराला या साखळीवरून त्या साखळीवर उडी मारावी लागते. उडीला उष्णतेचा रेटा लागतो. म्हणून नवतप्यात, पारा पंचेचाळिशीत असताना, तांब्याची तार वीस अंशांच्या मानानं दहा टक्के जास्त विरोध करते, आणि असा उड्या मारत वाहणारा पॉलिमर उलट सैलावतो. उन्हाळ्याचा फायदा होणारं नागपुरात दुसरं काय आहे, कुलरवाले सोडून?

तरी ‘आता प्लॅस्टिकच्या तारा येणार’ असल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये. पॉलिॲनिलीन हा असाच आणखी एक वाहक पॉलिमर; आम्ल मुरवलेलं साधं पॉलिॲनिलीन वाहकतेत तांब्याच्या लाखाव्या हिश्शाच्याही आसपासच घोटाळतं. त्याचा उपयोग वेगळा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पॉलिॲनिलीन आणि धातूंच्या ऑक्साइडांच्या मिश्रणांवर, त्यांपासून वायू ओळखणारे सेन्सर करण्यावर बरंच संशोधन झालं आहे. अमोनिया आला की तो पॉलिॲनिलीनमधले प्रोटॉन ओढून घेतो. वाहणारे प्रभार घटतात, विरोध चढतो, आणि सुईवर वायूची चाहूल लागते. शीतगृहातल्या अमोनियाची गळती ओळखायलाही हीच युक्ती पुरते. तांब्याच्या तारेवरचा प्रवाह आसपास अमोनिया आहे की अत्तर, याची त्या क्षणी दखल घेत नाही. हे प्लॅस्टिक घेतं, कारण त्याच्यातले वाहणारे प्रभारच त्या प्रोटॉनांच्या भरवशावर असतात. अमोनियानं प्रोटॉन पुरेसे काढून नेले, तर त्या पापुद्र्याचा हिरवा रंगही निळा होतो.