फोटोफ्रेमचे तडे : भट्टीला शिव्या देण्याआधी



हाताने केलेली सिरॅमिकची फोटोफ्रेम तडकली की सगळे भट्टीला दोष देतात. मीही दिलाय. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होणार म्हणून त्यांच्या लग्नातल्या ५ बाय ७ च्या फोटोसाठी इथल्या स्टुडिओत फ्रेम करायला घेतली. लागोपाठ दोन फुटल्या. भट्टी सांभाळणाऱ्या बाईंशी मी जवळजवळ भांडलोच. त्यांनी शांतपणे तुकडा हातात दिला आणि तड्याच्या कडेवर बोट फिरवायला सांगितलं. ग्लेझ ओघळून कड गोल झाली होती. म्हणजे ग्लेझ वितळण्याआधीच तडा तिथे होता! थंड होताना गेला असता तर कड पात्यासारखी धारदार लागली असती.

क्वार्ट्झ ५७३ अंशांपाशी एकदम फुगतो-आकसतो, त्यामुळे भट्टी घाईने तापवू किंवा उघडू नये हे खरंच. पण माझं स्पष्ट मत असं की फ्रेमचे बहुतेक तडे आपण वाळवतानाच घालतो.

स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. पापडासारखीच ती कडेने आधी वाळते, आणि सगळी ओढाताण चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांवर येते. मेकॅनिकलवाल्यांना १९५४ ची कॉमेट विमानं आठवतील, तिथेही चीर खिडकीवजा झरोक्याच्या कोपऱ्यापाशीच सुरू झाली होती. म्हणून चार पट्ट्या जोडण्याच्या भानगडीत पडू नका. रेतीदार मातीची (आपले कुंभार लीद-राख मिसळतात ते उगीच नाही) एकच जाड पोळी फिरवत, उलटसुलट लाटा. ती चामड्याइतकी घट्ट झाली की पेनाच्या टोपणाने चार कोपऱ्यांत गोल भोकं पाडा आणि ती सरळ कापांनी जोडा. काटकोन नकोच. खाली वर्तमानपत्र, म्हणजे आकसताना फ्रेम सरकू शकते. वर सैल प्लॅस्टिक, आणि आठवडाभर धीर. मी पहिली फ्रेम थंडीत हीटिंगच्या जाळीशेजारी ठेवली होती, शहाणपणा! भट्टीत देण्याआधी गालाला लावून बघा. गार लागली तर अजून ओली आहे.

आणि वाळलेल्या फ्रेमची चीर ओल्या मातीने बुजवू नका. ते म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक लिहिणं. भरलेली माती पुन्हा आकसते आणि चीर परत उघडते. सरळ पाण्यात टाका, माती परत वापरता येते.

तिसरी फ्रेम अखंड निघाली. फक्त खिडकीचं हवं ते माप ०.८८ ने भागायचं विसरलो आणि ५ बाय ७ चीच कापली. भाजून झाली ४.४ बाय ६.१६. आई-बाबा छान दिसतात, पण कडेला उभी असलेली आत्या अर्धी झाकली गेली आहे. तिला फोनवर अजून सांगितलेलं नाही.

चूभूद्याघ्या.