तिथं काय हाये पाहाले?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची पोरं पातूरला आजोळी येतात. फराळ होतो, रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्या चढून होतात. ज्यांच्या नावानं जुन्या दप्तरात हे गाव 'पातूर शेख बाबू' म्हणून नोंदलंय, त्यांचा दर्गाही पाहून होतो. तिसऱ्या दिवशी 'बोअर' सुरू. मग गाडी निघते चिखलदऱ्याला, नाहीतर शेगावला. गावालगतच्या डोंगरात कोरीव लेणी आहेत, हे त्या पोरांना कोणी सांगतच नाही. यंदा मी भाच्याला तिकडं न्यायचं काढलं, तर घरातूनच सवाल आला, "तिथं काय हाये पाहाले?"

सवाल अगदीच खोटा नाही. अजिंठा-वेरूळच्या मापानं मोजलं तर इथं चित्रं नाहीत, भव्य मूर्ती नाहीत. साधी ओसरी, जाडजूड खांब, आत अंधार आणि वटवाघळांचा वास. पण जागा कुठली ते तर पाहा! पुढं घाट चढला की वाशीम, म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्याच हरिषेण राजाचा सचिव वराहदेव. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं त्यानं कोरवून घेतलं. राजधानीची एखादी वाट याच घाटानं जात असावी, असा आपला माझा तर्क. आज १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच नांदेडकडे जातो. गाड्या थांबतात, पण चहापुरत्या. फार तर टोपलीतल्या सीताफळांपुरत्या.

जयपूरच्या गल्लीबोळात 'अनवट' कोपरे हुडकत फिरणारे आपणच, आणि आजोळच्या डोंगराला पाठ करून बसणारेही आपणच. ही लेणी संरक्षित स्मारक आहेत. अशा स्मारकांपाशीची सरकारी निळी पाटी कुठंही वाचा. मोडतोड केली तर दोन वर्षं कैद, एक लाख दंड, हे सगळं कलमांसकट असतं. कोणी कोरलं, कशापायी कोरलं, याला तेवढी जागा पुरत नाही. रोपवे नको, सेल्फी पॉइंट तर नकोच नको. मराठीत पाच ओळी लिहा म्हणजे झालं.

भाचा आधी मोबाइलमध्येच होता. मग त्याचा हात भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर गेला आणि तो एकेक खूण बोटानं चाचपत राहिला. तेवढ्यात बकऱ्या वळायला आलेले एक काका ओसरीत टेकले. भाच्यानं विचारलं, "काका, हे कोणी केलं?"

"ते नाही माहीत, बाप्पा. पन माही दहावी याच खांबाले टेकून झाली. भर उन्हाळ्यात बी इथं गार राह्यते."

भाच्यानं फोटो काढला तो त्या खांबाचा.