मधाचं बोट

परवा शेजारच्या वहिनी हिरमुसल्या तोंडाने आल्या. म्हणाल्या, “बारशाच्या दिवशी नातवाला मधाचं बोट चाटवायला गेले, तर सूनबाईनं बाळच उचलून नेलं! आमची मुलं काय वाढली नाहीत?”

वाढली हो! पण खरं सांगू? इथे सूनबाईचंच बरोबर आहे. मधात कधीकधी असे जंतू असतात, की मोठ्यांना ते बाधत नाहीत. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून ते विष तयार करतात. तेव्हा पहिल्या वाढदिवसापर्यंत मध नकोच. 6 महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पहिला पिवळसर चीक पूर्वी काढून टाकत, पण रोगांपासून बाळाला जपतो तो तोच. डोळ्यांत काजळही घालू नये. काही काजळांत शिसं सापडलं आहे.

मग आजीने करायचं काय? पुष्कळ! हलक्या हाताने तेल लावणं, अंगाई, सुनेसाठी अळिवाचे लाडू, आणि रात्रभर जागलेल्या त्या पोरीला दुपारी दोन तास निवांत झोप.

आणि सुनांनो, तुम्हीही बाळ असं हिसकावून नेऊ नका बरं! “आई, डॉक्टरांकडे तुम्हीही चला ना,” म्हणा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की सासूबाईंचा मानही राहतो.

वहिनींच्या घरी हेच झालं. मधाची बाटली फडताळात गेली आणि तेलाची वाटी आजीच्या हाती आली.