टाकीत आपण नक्की काय भरतो?

क्वार्टर मिळेपर्यंत चेन्नईत वेस्ट मांबलमला भाड्याने राहिलो. सोबत माझी 2006 ची बुलेट, कॅप्टन असताना घेतलेली. नोव्हेंबरच्या पावसात मी तीन आठवडे ड्यूटीवर बाहेर आणि ती उघड्यावर. परतल्यावर किका मारून पाय भरून आला. गल्लीतल्या मेकॅनिक अण्णांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं. दोन थर. खालच्या थराकडे बोट दाखवून म्हणाले, "तण्णी, सार." म्हणजे पाणी.

पाणी झाकणाच्या जुन्या रबरातून शिरलं, तो दोष माझाच. पण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं. जास्त झालं की पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. इंजिनाला मग तळातलं तेच मिश्रण मिळतं.

डिझेलची खोड वेगळी. लडाखला असताना पहाटे टाकीखाली स्टोव्ह धरणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी जागची हलत नाही. 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं, तेव्हा त्याचं मोल कळायला आम्हाला भाषणाची गरज नव्हती.

गंमत म्हणजे दोघांकडून अपेक्षाही उलट्या. पेट्रोलने ठिणगी पडेपर्यंत दम धरायचा. ऑक्टेन आकडा हा त्या दमाचा. डिझेलने मात्र दाबाने तापलेल्या हवेत लगेच पेटायचं. त्याचं मोजमाप सीटेन. म्हणून साध्या इंजिनात महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ओतून ताकद वाढत नाही. आमचे काही निवृत्त साहेब हे अजून मानत नाहीत, असो.

मी इथेनॉलविरोधी नाही. माझे मामा कोल्हापूरकडे ऊस लावतात. कारखान्याला इथेनॉलमुळे आधार मिळतो, हे मला कळतं. परदेशी तेल कमी लागणं फौजी माणसाला का आवडणार नाही? पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकीचं 3 ते 4 टक्के घटेल. मग हे पंपावर ठळक का लिहू नये? जुन्या गाडीवाल्याला कमी इथेनॉलचा पर्याय का देऊ नये? दूध घेताना आपण गाईचं की म्हशीचं, हे विचारतो. फौजेत जेरीकॅनमध्ये काय आहे हे विचारल्याशिवाय कुणी झाकण उघडत नाही. चुकीचं तेल म्हणजे ऐन वेळी बंद पडलेली गाडी. पेन्शनवर जुनी स्कूटर चालवणाऱ्या माणसालाही तेवढी माहिती मिळाली पाहिजे. आज त्याला फक्त दर दिसतो.

अण्णांनी टाकी धुतली, झाकणाचं रबर आणि कडक झालेली पेट्रोलची नळी बदलली. निघताना टाकीच्या गळ्यापर्यंत हात नेऊन खुणेनं बजावलं, गाडी उभी ठेवायची तर भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा साठते, आणि चेन्नईत तिला तोटा नाही. परवा पुन्हा बाहेर निघालो, तेव्हा आधी पंपावर गेलो.