जहाजाला अटक होते तेव्हा

२०१९ साली मुंबई-गोवा सागरी सफरींसाठी 'कर्णिका' नावाचे जहाज आले, तेव्हा अनेकांना ते नवेकोरे वाटले. प्रत्यक्षात हे त्याचे सहावे नाव. आपल्याकडे मुलीचे नाव सासरी एकदा बदलते, इथे मालकागणिक बारसे!

१९९० साली इटलीतील मोनफाल्कोनेच्या गोदीत ते 'क्राऊन प्रिन्सेस' म्हणून पूर्ण झाले. लांबी २४५ मीटर, दीड हजारांवर प्रवाशांची सोय. रेन्झो पियानो या नामवंत वास्तुशिल्पकाराने त्याला डॉल्फिनचे रूप दिले. जर्मनांसाठी ते 'आरोझा ब्लू' आणि 'आयडाब्लू', ब्रिटिशांसाठी 'ओशन व्हिलेज टू', ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युएल' झाले.

मार्च २०२० मध्ये करोनाने सफरी थांबवल्या. तिकिटांचे पैसे बंद झाले, पण उभ्या जहाजालाही तेल लागते, खलाशांना जेवण लागते. थकबाकीचे दावे मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जहाजाला अटक झाली. होय, कायद्यातला शब्द अटक हाच. मालक परदेशात असला तरी बंदरात सापडलेले जहाज धरून ठेवता येते. लिलाव झाला आणि त्याच वर्षी 'कर्णिका' मोडण्यासाठी अलंगला गेली.

अशा लिलावाच्या पैशांवर पहिला हक्क कुणाचा? बँकेत हयात घालवल्यामुळे माझे बोट आपसूक गहाणखताकडे जाते. पण जहाजांवरील दाव्यांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यात खलाशी-अधिकाऱ्यांचे थकलेले वेतन गहाणखताच्या आधी आहे. नोंदणीकृत गहाण असले तरी बँकेने मागे थांबायचे.

जमिनीवर तसे नाही. कंपनी बुडून विकायची वेळ आली, की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोच्या बरोबरीने येतात. बरोबरीने; आधी नव्हे. माझ्या मते जमिनीवरही खलाशाचाच क्रम लावावा. बँका कर्ज देणार नाहीत, असे माझेच जुने सहकारी म्हणतील. मग जहाजांना कर्जे कोण देते? बँकाच ना? थकलेला पगार आपल्या वसुलीतून आधी कापला जाणार हे ठाऊक असले, की कर्ज देणारा अधिकारी गोदामातला माल मोजतो तशीच पगारपत्रकेही दर महिन्याला तपासील. आमच्या वेळी ती कुणी मागवल्याचे मला स्मरत नाही.